शाँबोंचे पाळक आणि त्यांचे शेजारी

२३ जून १९४०, रविवार. पॅरिस पडून नऊ दिवस लोटले होते आणि आदल्याच दिवशी फ्रान्सने हिटलरच्या जर्मनीशी युद्धबंदीचा करार केला होता. लाखो माणसे घरदार सोडून रस्त्यावर आली होती. वयोवृद्ध मार्शल पेताँ यांच्या हाती सत्ता सोपवून देशातील बहुतेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला होता. त्या सकाळी दक्षिण-मध्य फ्रान्समधील ल शाँबों-स्युर-लिन्यों या डोंगरी खेड्याच्या चर्चमध्ये दोन पाळकांनी आपल्या मंडळींपुढे वेगळाच विचार मांडला. सदसद्विवेकाविरुद्ध वागण्याची सक्ती झाली, तर तिला आत्मिक बळाने विरोध करणे हे आपले कर्तव्य आहे. तो विरोध निर्भय असावा, पण त्यात गर्व किंवा द्वेष नसावा, असे त्यांनी सांगितले. त्या दोघांपैकी एक होते एदुआर तेइस आणि दुसरे आंद्रे त्रोक्मे. पुढील चार वर्षांत या खेड्याने आणि त्याच्या पंचक्रोशीने शेकडो ज्यू कुटुंबांना आणि मुलांना आसरा दिला. त्रोक्मे यांचे चरित्र म्हणजे या शेजारधर्माच्या घडणीची कहाणी आहे.

आंद्रे त्रोक्मे यांचा जन्म ७ एप्रिल १९०१ रोजी उत्तर फ्रान्समधील सँ-काँतँ या औद्योगिक शहरात झाला. वडील कापड व्यवसायातील सधन गृहस्थ आणि फ्रान्समधील जुन्या ह्युगेनो, म्हणजे प्रोटेस्टंट, परंपरेचे कडवे अभिमानी. आई जर्मन. आंद्रे दहा वर्षांचा असताना मोटारीच्या अपघातात आई दगावली. मोटार वडीलच चालवीत होते. हा घाव कुटुंबावर कायमचा राहिला. तीन वर्षांनी पहिले महायुद्ध सुरू झाले आणि शहर जर्मन फौजांच्या ताब्यात गेले. ज्या देशाची भाषा आईची होती, त्याच देशाचे सैनिक आता शत्रू म्हणून दारात उभे होते.

या कोवळ्या वयात दोन अनुभवांनी त्यांची जडणघडण केली. पहिला अनुभव शहरातील कामगार मुलांच्या एका छोट्या प्रार्थनामंडळाचा. बंगल्याच्या कुंपणाआड वाढलेला हा मुलगा तेथे प्रथमच गरिबांच्या मुलांबरोबर बरोबरीने बसला. ही मुले एकमेकांच्या अडीनडीला धावत आणि जर्मनांच्या कैदेतील उपाशी रशियन सैनिकांपर्यंत गुपचूप अन्न पोहोचवीत. दुसरा अनुभव एका जर्मन सैनिकाच्या भेटीचा. तारयंत्रावर काम करणाऱ्या या सैनिकाने श्रद्धेपोटी शस्त्र बाळगण्यास नकार दिला होता. गणवेश शत्रूचा असला, तरी आतला माणूस शत्रू असतोच असे नाही, हे आंद्रे यांच्या मनावर तेव्हाच बिंबले. १९१७ मध्ये जर्मनांनी शहर रिकामे केले आणि हे सधन कुटुंब निर्वासित म्हणून बेल्जियममध्ये पोहोचले. परक्या दारात उभे राहणे म्हणजे काय, हे त्यांना त्या वेळी स्वतः अनुभवायला मिळाले.

युद्धानंतर पॅरिसमध्ये धर्मशास्त्राचे शिक्षण घेत असताना त्यांना लष्करी सेवेसाठी मोरोक्कोत जावे लागले. भूमापनाच्या तुकडीत असताना त्यांनी आपली बंदूक मागेच ठेवली होती. तुकडी धोक्याच्या प्रदेशात पोहोचल्यावर ही गोष्ट अधिकाऱ्याच्या लक्षात आली. बंदूक नाकारायची होती तर निघण्यापूर्वीच नाकारायला हवी होती, आता तुझ्यामुळे इतरांचा जीव धोक्यात येतो, अशी त्याने समज दिली. अहिंसेचा निर्णय ऐन वेळी घेऊन चालत नाही, त्याची तयारी आधीच करावी लागते, हा धडा त्रोक्मे यांनी मनाशी जपून ठेवला. पुढे शाँबोंमध्ये त्यांनी जे केले, त्याचे मूळ या धड्यात सापडते.

१९२५ मध्ये ते अधिक अभ्यासासाठी न्यूयॉर्कला गेले. खर्च भागविण्यासाठी धनाढ्य रॉकफेलर कुटुंबातील मुलांना ते शिकवीत असत. तेथेच त्यांची माग्दा ग्रिली या तरुणीशी ओळख झाली. फ्लोरेन्समध्ये जन्मलेल्या माग्दा यांचे वडील इटालियन आणि आई रशियन घराण्यातील. स्वभावाने दोघे अगदी वेगळे. आंद्रे भावनाप्रधान, तापट आणि ईश्वरचिंतनात रमणारे, तर माग्दा यांना धार्मिक वादांपेक्षा थंडीत कुडकुडणाऱ्या माणसाच्या अंगावर पांघरूण घालणे अधिक महत्त्वाचे वाटे. १९२६ मध्ये त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला एक मुलगी आणि तीन मुलगे झाले. उत्तर फ्रान्समधील खाणकामगारांच्या वस्तीत त्यांनी काही वर्षे काम केले. मात्र पहिल्या महायुद्धात लक्षावधी तरुण गमावलेल्या देशात शस्त्र नाकारणारा पाळक धर्मपीठातील वरिष्ठांना नकोसा वाटत होता. अशा वेळी १९३४ मध्ये दूरच्या शाँबोंच्या मंडळींनी त्यांना बोलावून घेतले.

ल शाँबों हे समुद्रसपाटीपासून सुमारे एक हजार मीटर उंचीवरील पठारावर वसलेले आहे. हिवाळा लांबलचक, बर्फाचा आणि सोसाट्याच्या वाऱ्याचा. गाव आणि भोवतालच्या वाड्या मिळून वस्ती तीन हजारांच्या आसपास. उन्हाळ्यात हवापालटासाठी येणाऱ्या पाहुण्यांसाठी येथे लहान लहान निवासगृहे होती. जंगलात विखुरलेली दगडी शेतघरे होती आणि गावापर्यंत येणारी एक चिमुकली आगगाडी होती. कॅथलिक फ्रान्समध्ये हा टापू प्रामुख्याने प्रोटेस्टंटांचा. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने प्रोटेस्टंटांचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतले, तेव्हा या लोकांच्या पूर्वजांनी रानात लपून प्रार्थना केल्या होत्या, कित्येकांनी कैद आणि फाशी सोसली होती. पाठलाग होत असलेल्या माणसाला घरात घेणे म्हणजे काय, हे येथील शेतकऱ्यांना आजीच्या गोष्टींमधून ठाऊक होते.

पण केवळ आठवणींच्या बळावर माणसे संकटाला सामोरी जात नाहीत. त्रोक्मे यांनी गावात आल्यावर प्रथम घरोघर जाण्याचा परिपाठ सुरू केला. गोठ्यात, चुलीपाशी, आजाऱ्याच्या उशाशी बसून ते माणसे ओळखू लागले. त्यांनी परिसरातील तेरा तरुणांची निवड केली. हे तरुण दर पंधरवड्याला पाळकांबरोबर बायबलमधील एखाद्या उताऱ्याची चर्चा करीत आणि नंतर आपापल्या वाडीत शेजाऱ्यांना जमवून तीच चर्चा पुढे नेत. यात गुप्त असे काही नव्हते. मात्र यातून वाडीवाडीत एकमेकांवर विश्वास टाकणारी माणसे तयार झाली. १९३८ मध्ये तेइस यांच्या साथीने त्यांनी शांततेच्या विचारावर आधारलेली एक माध्यमिक शाळा सुरू केली. इमारत नव्हती, तेव्हा गावभर मिळतील त्या खोल्यांत वर्ग भरत. आरंभी जेमतेम अठरा विद्यार्थी असलेल्या या शाळेत युद्ध संपेपर्यंत साडेतीनशेच्या घरात मुले शिकू लागली. नोकरी गमावलेल्या परदेशी निर्वासित अध्यापकांनाही येथे आधार मिळाला.

विशी येथील पेताँ सरकारची पावले लवकरच उमटू लागली. ऑक्टोबर १९४० मध्ये ज्यूंना नोकऱ्या आणि हक्क नाकारणारा कायदा जर्मनांच्या प्रत्यक्ष हुकमाची वाट न पाहता या सरकारने स्वतःहून केला. शाळांमध्ये रोज सकाळी ताठ हात पुढे करून ध्वजाला सलामी देण्याची सक्ती झाली. त्रोक्मे आणि तेइस यांनी ती दिली नाही. ज्यांना सलामी द्यायची असेल त्यांनी ध्वजस्तंभापाशी जावे, अशी व्यवस्था झाली. जाणाऱ्यांची संख्या आठवड्यागणिक घटत गेली आणि एके दिवशी तो सोपस्कार आपोआप बंद पडला. मार्शलशी एकनिष्ठ राहण्याची शपथही शिक्षकांनी घेतली नाही. १९४१ च्या ऑगस्टमध्ये सरकारी समारंभासाठी चर्चच्या घंटा वाजविण्याचे फर्मान आले. शाँबोंमध्ये घंटा वाजली नाही. घंटेची राखण करणारी साधी स्त्री पावसात दारापाशी उभी राहिली आणि घंटा ही ईश्वराची आहे, मार्शलची नव्हे, या भूमिकेवरून तिने जाब विचारणाऱ्यांना परत पाठविले. या घटनांत वीरश्री फारशी नव्हती. मात्र अशा लहानसहान नकारांनी गावाला नकाराची सवय लागली.

१९४०-४१ च्या हिवाळ्यात एका रात्री पाळकांच्या दारावर थाप पडली. बाहेर बर्फात भिजलेली, घाबरलेली एक जर्मन ज्यू स्त्री उभी होती. माग्दा यांनी तिला आत घेतले, शेकोटीपाशी बसविले, खाऊ घातले आणि तिच्या कागदपत्रांची सोय व्हावी म्हणून त्या विश्वासाने गावाच्या महापौरांकडे गेल्या. महापौरांनी मदत तर नाकारलीच, वर त्या स्त्रीने सकाळच्या आत गाव सोडावे असे बजावले. माग्दा यांना तिला दुसऱ्या ठिकाणी पाठवावे लागले. ही बोच त्यांना आयुष्यभर राहिली. यापुढे अशी कामे अधिकाऱ्यांना सांगून होणार नाहीत, हे त्या दिवशी दोघांनाही कळून चुकले.

त्याच सुमारास त्रोक्मे मार्सेयला गेले. दक्षिण फ्रान्समधील छावण्यांत हजारो परदेशी ज्यू हालअपेष्टांत दिवस काढीत होते. तेथे जाऊन काम करण्याची त्यांची इच्छा होती. अमेरिकन क्वेकर पंथाचे कार्यकर्ते बर्न्स चाल्मर्स यांनी मात्र वेगळा मार्ग सुचविला. छावण्यांतून मुलांना सोडवून आणणे शक्य होते, पण सुटलेल्या मुलांना ठेवून घ्यायला कोणतेही गाव तयार नव्हते. शाँबों ते गाव होईल का, असा चाल्मर्स यांचा प्रश्न होता. त्रोक्मे यांनी होकार दिला आणि परतल्यावर चर्चच्या मंडळासमोर हा विषय ठेवला. मंडळाने संमती दिली. स्विस, स्वीडिश, अमेरिकन संस्थांच्या मदतीने एकामागून एक बालगृहे उघडली. शेतघरांतही मुले राहू लागली. छावणीतून आलेला आणि वडिलांना आउशविट्झमध्ये गमावलेला अलेक्झांडर ग्रोथेन्डिक हा मुलगा अशाच एका बालगृहात राहून या शाळेत शिकला. पुढे तो विसाव्या शतकातील अग्रगण्य गणितज्ञांपैकी एक ठरला. अल्बेर काम्यू यांनी १९४२-४३ मध्ये याच परिसरातील एका शेतघरात क्षयाच्या आजारातून सावरत असताना ‘प्लेग’ या कादंबरीचे लेखन केले, हाही एक लक्षणीय योगायोग.

या कामाला कोणतीही मोठी संघटना नव्हती आणि हेच तिचे बळ होते. कोण कोणाकडे राहते, याची संपूर्ण माहिती एकाही माणसाकडे नसे. शेजारी शेजाऱ्याला प्रश्न विचारीत नसे. आगगाडीतून अनोळखी माणूस उतरला की त्याला पाळकांच्या घरी नेले जाई आणि तेथून संध्याकाळपर्यंत त्याची कोठेतरी सोय होई. ऑस्कर रोझोव्स्की हा ज्यू तरुण खोटी ओळखपत्रे आणि शिधापत्रिका तयार करी आणि त्याचे साहित्य एका शेतकऱ्याच्या मधमाश्यांच्या पेट्यांत लपविले जाई. पोलीस येणार असले की कधी कधी पाळकांच्या घरी निनावी दूरध्वनी येई आणि मुले रानात पांगत. धोका टळला की गावकरी रानाच्या कडेला जाऊन एक गाणे म्हणत. ते ऐकून मुले परतत.

१६ आणि १७ जुलै १९४२ रोजी पॅरिसमध्ये फ्रेंच पोलिसांनी सुमारे तेरा हजार ज्यूंना पकडले. महिनाभराच्या आतच, १० ऑगस्टला, विशी सरकारचे युवकविषयक प्रमुख जॉर्ज लामिराँ शाँबोंच्या भेटीवर आले. शाळेतील मोठ्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या हाती एक निवेदन ठेवले. पॅरिसमधील अत्याचारांचा निषेध करून, आमच्यातही ज्यू आहेत, आम्ही भेदभाव करीत नाही आणि त्यांना पकडण्याचा हुकूम आला तर आम्ही त्यांना लपवू, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. सोबतच्या अधिकाऱ्यांनी त्रोक्मे यांच्याकडे ज्यूंची यादी मागितली. आपल्याला ज्यू ठाऊक नाहीत, फक्त माणसे ठाऊक आहेत, अशा आशयाचे उत्तर देऊन त्यांनी यादी नाकारली. ऑगस्टअखेर पोलिसांचा ताफा बसगाड्या घेऊन गावात आला आणि तीन आठवडे घरे, तळघरे, कपाटे धुंडाळीत राहिला. हाती जवळजवळ काहीच लागले नाही. बसमध्ये एकटाच बसवून ठेवलेल्या एका कैद्याला त्रोक्मे यांच्या मुलाने खिडकीतून आपल्या वाट्याचा चॉकलेटचा शेवटचा तुकडा दिला. ते पाहून इतरांनी घरातील वस्तू आणल्या. थोड्या वेळात त्या माणसाभोवती भेटींचा ढीग साचला.

नोव्हेंबर १९४२ मध्ये जर्मनांनी दक्षिण फ्रान्सही व्यापला. १३ फेब्रुवारी १९४३ च्या संध्याकाळी त्रोक्मे, तेइस आणि गावातील शाळेचे मुख्याध्यापक रोजे दार्सिसाक यांना अटक झाली. नवरा घरी नव्हता म्हणून माग्दा यांनी अटक करायला आलेल्या पोलिसांना बसवून घेतले आणि नेहमीच्या रीतीप्रमाणे जेवणाच्या टेबलावर बोलावले. बातमी पसरताच रात्रीच्या अंधारात शेजाऱ्यांची रांग लागली. कुणी माशांचा डबा, कुणी उबदार मोजे, कुणी मेणबत्ती आणली. तिघांना लिमोझजवळील छावणीत ठेवण्यात आले. महिन्याभराने सुटकेची वेळ आली तेव्हा मार्शलच्या आज्ञा पाळण्याच्या कबुलीपत्रावर सही करण्याची अट होती. त्रोक्मे आणि तेइस यांनी सही केली नाही. तरीही अनपेक्षितपणे त्यांची सुटका झाली. या काळात गावातील काम एक दिवसही थांबले नव्हते. पाळक नसतानाही दारे उघडली जात होती.

मात्र सगळेच वाचले नाहीत. २९ जून १९४३ च्या पहाटे गेस्टापोने विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहावर छापा घातला. वसतिगृहाचे प्रमुख होते त्रोक्मे यांचे नात्यातील भाऊ, तिशीतले दानिएल त्रोक्मे. हृदयविकार असलेल्या दानिएल यांना पळून जाण्याची संधी होती, पण मुलांना सोडून ते गेले नाहीत. अठरा विद्यार्थ्यांसह त्यांना नेण्यात आले. माग्दा धावत तेथे पोहोचल्या. नदीत बुडणाऱ्या एका जर्मन सैनिकाला पूर्वी वाचविणाऱ्या एका विद्यार्थ्याची तेवढी त्यांना सुटका करून घेता आली. दानिएल यांचा एप्रिल १९४४ मध्ये पोलंडमधील मायदानेकच्या मृत्युछावणीत अंत झाला. गावचे डॉक्टर रोजे ल फोरेस्तिये यांना ऑगस्ट १९४४ मध्ये ल्यों शहराजवळ इतर कैद्यांसह गोळ्या घालण्यात आल्या. त्यांच्या भागाच्या मुक्तीला तेव्हा काही दिवसच उरले होते.

गेस्टापो आपल्या जिवावर उठल्याचा इशारा मिळाल्यावर १९४३ च्या उन्हाळ्यात त्रोक्मे भूमिगत झाले. येथे त्यांच्या मनात एक कठोर संघर्ष उभा राहिला. खोट्या नावाचे ओळखपत्र खिशात बाळगणे त्यांनी स्वीकारले होते, पण कुणी थेट विचारले तर खोटे नाव तोंडाने सांगायचे का? शेकडो जणांना खोट्या कागदांनी वाचविणाऱ्या या माणसाला स्वतःसाठी असत्य बोलणे असह्य वाटत होते. ल्यों येथील रेल्वे स्थानकावर जर्मन शिपायांनी त्यांना पकडले, तेव्हा त्यांचा लहान मुलगा सोबत होता. खोटे बोलायचे नाही, असे त्यांनी मनाशी ठरविले. मग शिपायांची नजर चुकली आणि मुलाचा हात धरून ते गर्दीत मिसळले. तो प्रश्न मात्र अनुत्तरित राहिला. जून १९४४ मध्ये ते गावी परतले आणि दोनच महिन्यांत त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा जाँ-पिएर घरातच झालेल्या अपघातात दगावला. या आघाताने त्यांची श्रद्धा मुळापासून हादरली. त्या शोकातून ते पूर्णपणे कधीच सावरले नाहीत.

युद्ध संपल्यावर परिसरातील जर्मन युद्धकैद्यांपुढेही त्यांनी प्रवचने दिली. काल परवापर्यंत छळ सोसलेल्यांपैकी काहींना ते रुचले नाही. पुढे पती-पत्नींनी आंतरराष्ट्रीय शांतता चळवळीला वाहून घेतले. अल्जीरियातील युद्ध आणि अण्वस्त्रे यांना त्रोक्मे यांनी ठाम विरोध केला. १९६० नंतरची दहा वर्षे जिनिव्हात पाळक म्हणून काढल्यावर ५ जून १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. ज्यूंना वाचविणाऱ्या परधर्मीयांना इस्रायलच्या याद वाशेम या संस्थेकडून दिला जाणारा सन्मान त्यांना त्याच वर्षी जाहीर झाला होता. माग्दा यांचे निधन १९९६ मध्ये झाले.

किती जण वाचले, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पूर्वी पाच हजारांपर्यंतचा आकडा सांगितला जाई. नंतरच्या काही अभ्यासकांनी तो बराच कमी धरला आहे. यशाचे सारे श्रेय एका पाळकाला दिले जाते, अशी तक्रार शेजारच्या गावांतूनही झाली आणि ती अगदीच निराधार नव्हती. माझे, तांस, फे अशा आसपासच्या गावांनी, कॅथलिकांनी, कोणत्याही धर्माशी संबंध न ठेवणाऱ्यांनीही घरे उघडली होती. १९९० मध्ये याद वाशेमने संपूर्ण शाँबों आणि त्याच्या परिसराचाच गौरव केला, तो याच जाणिवेतून. ज्या देशातून सुमारे ७६ हजार ज्यूंना मृत्युछावण्यांकडे पाठविण्यात आले, त्या देशातील या पठारावर बहुसंख्य शरणार्थी जिवंत राहिले.

त्रोक्मे यांच्या कार्याचे मोल त्यांच्या प्रवचनात जितके आहे, त्याहून अधिक ते संकटापूर्वीच्या सहा वर्षांत आहे. ते घरोघर गेले, त्यांनी तरुणांना बोलते केले, शाळा उभारली, शेजाऱ्याला शेजाऱ्याची ओळख करून दिली. जुलमी राजवटी माणसाला माणसापासून तोडून एकटे पाडतात, कारण एकटा माणूस भितो. शाँबोंमध्ये रात्री दारावर थाप पडे, तेव्हा आतला माणूस भीत नव्हता असे नाही. पण पलीकडच्या घरातही दिवा लागणार आहे, याची त्याला खात्री असे.